अ‍ॅप म्हणतंय 'हाय रिस्क', बाबांना सांगू का?

प्रश्न:

ताई, माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. मी दुसऱ्या गावी असते, त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे फोन आणि व्हॉइस नोट. गेलं वर्षभर त्यांचं बोलणं मला वेगळं वाटतंय. मधेच थांबतात, शब्द सापडत नाही, मग 'ते हे' करून वेळ मारून नेतात. मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा एक अ‍ॅप घेतलं, ते म्हणे एका मिनिटाच्या बोलण्यावरून अल्झायमरचा धोका सांगतं. बाबांना म्हटलं हा एक गेम आहे. चित्र दाखवलं, त्याचं इंग्रजीत वर्णन करायचं होतं, त्यांनी केलं. स्कोअर आला ७१, लाल रंगात 'हाय रिस्क'. तेव्हापासून मला नीट झोप नाही. भावाला सांगितलं तर तो भडकला, म्हणाला चांगल्या धडधाकट माणसाला तू पेशंट बनवतेयस. आई म्हणते वय झालंय, टीव्हीचा आवाज पण हल्ली मोठा लागतो त्यांना. (घरच्या हिशोबाची वही त्यांनी आईकडे दिलीय, डोळ्यांना त्रास होतो म्हणतात, पण चष्मा तर आत्ताच बदललाय.) बाबांना स्कोअर सांगू का? डॉक्टरकडे नेऊ का? की भाऊ म्हणतो तेच बरोबर? दोन व्हॉइस नोट जशाच्या तशा लिहून पाठवतेय, एक २०२२ ची आणि एक मागच्या आठवड्यातली.

झोप उडालेली लेक

उत्तर:

अगं लेकी, आधी उत्तरं देऊन टाकते म्हणजे निदान आज झोपशील. स्कोअर बाबांना सांगू नकोस. डॉक्टरकडे मात्र ने, आणि येत्या दोन-तीन आठवड्यांत ने, पुढच्या सुट्टीवर ढकलू नकोस. भाऊ अ‍ॅपबद्दल बरोबर आहे, बाबांबद्दल बहुतेक नाही. आता का ते सांगते, जरा लांबेल, कारण माझी चोवीस वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून लोकांचं बोलणं ऐकण्यात गेलीत आणि हा विषय निघाला की मला आवरणं कठीण जातं.

तुझ्या त्या दोन नोट आधी घेऊया, कारण अ‍ॅपच्या ७१ पेक्षा त्यांच्यात जास्त माल आहे.

२०२२ ची: 'अगं प्लंबर येऊन गेला, बेसिनचा नळ बदलला, पाईप पण जुना झालाय म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू, तू आलीस की ठरवू, घाई नाहीये.'

मागच्या आठवड्यातली: 'अगं तो आला होता... तो... हा... नळवाला. आणि ते... ते हे... खालचं... ते बदललं त्याने. आता परत येईल... येईल तो. तू आलीस की बघ.'

काम तेच, माणूस तोच, पण नीट बघ. पहिल्या नोटमधे प्लंबर, बेसिन, नळ, पाईप, आठवडा, घाई अशी सहा नामं आहेत. दुसरीत एकच, 'नळवाला', आणि ते पण 'प्लंबर' हाताला लागला नाही म्हणून तिथल्या तिथे घडवलेलं. दुसरी गोष्ट, थांबे. पहिल्या नोटमधे ते थांबलेत तिथे तू स्वल्पविराम दिलायस, म्हणजे एक गोष्ट सांगून झाल्यावर माणूस श्वास घेतो तिथे. दुसरीत तू टिंबं दिलीयस आणि ती बहुतेक नावाच्या आधी आलीयत, म्हणजे शब्द जिथे यायला हवा होता तिथेच खड्डा आहे. आणि अजून एक, हे कुठल्या संशोधनातलं नाही, माझं स्वतःचं निरीक्षण आहे म्हणून त्याच भावात घे. पहिल्या वेळी 'नळ बदलला' होता, आता 'ते बदललं'. मराठीत नाम हरवलं की क्रियापद लगेच नपुंसकलिंगी होतं. नळ पुल्लिंगी, पाईप पुल्लिंगी, पण नावच न आठवलेली वस्तू कायम 'ते'. एखाद्याच्या बोलण्यात 'ते झालं, ते आणलं, ते ठेवलंय तिथे' असं वाढायला लागलं की माझे कान टवकारतात.

म्हणजे तुझ्या कानाने जे पकडलंय ते पकडण्यासारखंच आहे. वेडी नाहीयेस तू.

आता यात आवाजाचा नेमका काय संबंध ते सांगते, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. लोकांना वाटतं अल्झायमरमधे आवाज बदलतो, जड होतो, अडखळतो. सुरुवातीला सहसा तसं होत नाही. जीभ, ओठ, स्वरयंत्र हलवणारी यंत्रणा बराच काळ शाबूत असते, उच्चार स्वच्छ असतात, म्हणून तर पाहुण्यांना काही कळत नाही. बिघडतं ते शब्द शोधून आणण्याचं काम. ते काम हळू झालं की त्याची सावली वेळेवर पडते, म्हणजे थांबे लांबतात, वाढतात, वाक्याच्या मधेच येतात आणि एकूण बोलण्याचा वेग उतरतो. मशीन ऐकतं ते मुख्यतः हेच, शब्दांमधल्या फटी. पाव सेकंदाच्या आसपासची शांतता बऱ्याच अभ्यासांत थांबा म्हणून धरतात, तुझ्यामाझ्या कानाला तेवढी जाणवत पण नाही. याशिवाय आवाजाची पट्टी किती वरखाली होते, स्वराच्या एका कंपनापासून पुढच्या कंपनापर्यंत किती बारीक थरथर आहे, जोर किती हलतो अशी मापं काढतात, एक ठरलेला संचच आहे ८८ मापांचा, एका रेकॉर्डिंगमधून सगळी आपोआप निघतात.

तुझ्या अ‍ॅपने चित्र दाखवलं ते पण उगाच नाही. १९७२ मधे बोस्टनच्या हॅरोल्ड गुडग्लास आणि एडिथ कॅप्लन यांनी वाचेच्या विकारांसाठी एक चाचणी छापली, त्यातलं एक चित्र आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. स्वयंपाकघरात बाई ताटली पुसतेय, तिच्यासमोर सिंक भरून पाणी खाली वाहतंय, तिचं लक्षच नाही, मागे मुलगा स्टुलावर चढून बिस्किटांची बरणी काढतोय, स्टूल कलंडायला आलंय आणि खालून मुलगी हात वर करून मागतेय. 'काय काय चाललंय सांगा' एवढंच विचारायचं. पिट्सबर्ग विद्यापीठात १९८० च्या दशकात अल्झायमरच्या आणि निरोगी माणसांना हेच चित्र दाखवून रेकॉर्डिंग केली गेली आणि आजही या विषयातल्या कितीतरी अभ्यासांचा पाया तीच जुनी रेकॉर्डिंग आहेत.

२०२० मधे त्यातली १५६ जणांची रेकॉर्डिंग निवडून, कोणाला आजार आहे ते मशीनकडून ओळखून घ्यायची, संशोधकांची एक खुली स्पर्धाच झाली. ७८ जण आजार असलेले, ७८ नसलेले, वय आणि स्त्री-पुरुष प्रमाण जुळवलेलं, म्हणजे मशीनला वयावरून चीटिंग करता येऊ नये. आयोजकांनी सुरुवातीला स्वतः करून बघितलं तेव्हा नुसत्या आवाजाच्या मापांवरून ६२.५ टक्के बरोबर आलं. नाणं उडवलं तरी ५० येतात गं. तेच, बोललेले शब्द लिहून काढून त्यावरून बघितलं तर ७५. पुढे एका टीमने जवळपास ९० टक्क्यांपर्यंत नेलं, आणि त्यांनी काय केलं माहितीये, लिहिलेल्या शब्दांत थांब्यांच्या खुणा पण घातल्या. म्हणजे मी वर तुझ्या नोटचं जे केलं ना, शब्द आणि फटी एकत्र वाचणं, साधारण तेच, फक्त कॉम्प्युटरवर. म्हणून कोणी नुसत्या आवाजावरून ओळखतो म्हणालं की मी जरा मागेच सरकून बसते.

आणि एक गंमत, गंमत कसली, डोक्याला हातच लावावा असं आहे. काही संशोधकांनी याच जुन्या रेकॉर्डिंगमधला बोलण्याचा भाग काढून टाकला आणि नुसती मागची खरखर मशीनला दिली, तरी मशीन बऱ्यापैकी बरोबर उत्तरं देत राहिलं! म्हणजे ते आजार ओळखत नव्हतं, कुठलं रेकॉर्डिंग कशा परिस्थितीत झालं ते ओळखत होतं. परीक्षेत पेपर न वाचता अक्षरावरून पोरगं ओळखणाऱ्या मास्तरसारखं.

आता तुझ्या ७१ कडे ये. बाबांना वर्णन इंग्रजीत करायचं होतं. जो माणूस रोज मराठीत बोलतो तो इंग्रजीत चित्र सांगताना आधी मनात भाषांतर करणार, अडणार, शब्द शोधणार, म्हणजे नेमक्या त्याच फटी पडणार ज्या मशीन आजाराच्या म्हणून मोजतं. पंखा चालू होता का, फोन किती लांब धरला होता, याने पण फरक पडतो, शिवाय फोन स्वतःच गोंगाट कापतो आणि आवाजाची फाईल दाबून छोटी करतो, त्यात ती बारीक थरथरीची मापं पार बिघडू शकतात. नवीन कवळी बसवली असेल तरी बोलण्याची लय बदलते. आणि अ‍ॅपला बाबा काल कसे बोलायचे याचा पत्ताच नाही, त्याने त्यांना कुठल्यातरी अनोळखी माणसांच्या ढिगाशी ताडून बघितलं.

बरं, समजा हे सगळं ठीक होतं आणि अ‍ॅप खरंच चांगलं आहे. तरी हा हिशोब कर. बाबांच्या वयाची १०० माणसं घे, त्यातल्या ५ जणांना खरंच आजार आहे असं धर. अ‍ॅप आजारी माणसाला १०० पैकी ८० वेळा बरोबर पकडतं आणि निरोग्याला ८० वेळा बरोबर सोडतं. मग ५ पैकी ४ सापडले, छान. पण उरलेल्या ९५ मधल्या १९ जणांना पण लाल रंग दिसला. एकूण लाल किती, २३. म्हणजे तुझ्यासारख्या रात्रभर जागलेल्या २३ घरांपैकी १९ घरं उगाच जागली. स्पर्धेत निम्मे-निम्मे होते म्हणून आकडे गोंडस दिसतात, बाहेरच्या जगात निम्मे-निम्मे नसतं.

मग मी डॉक्टरकडे ने का म्हणतेय? कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. हिशोबाची वही. इतकी वर्षं जो माणूस घरचा हिशोब ठेवत होता त्याने वही दुसऱ्याच्या हातात दिली, डोळ्यांचं कारण दिलं, आणि चष्मा तर नवा आहे. एखादा शब्द अडणं सगळ्यांचंच होतं, माझंही दिवसातून चारदा होतं आणि मी पन्नाशीची आहे. पण शब्द अडणं वाढतंय, तेही एका माणसाचं त्याच्या स्वतःच्याच जुन्या बोलण्याच्या तुलनेत, आणि त्याच वर्षात रोजचं सवयीचं काम सुटतंय, ही जोडी बघितली की मी कोणालाही थांब म्हणत नाही.

स्वतःशी तुलना म्हणते ना, त्याचं एक मोठं उदाहरण आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी आपल्याला अल्झायमर असल्याचं १९९४ मधे जाहीर केलं. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मधे त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातल्या पत्रकार परिषदा तपासल्या, लिहून आणलेली भाषणं नाही, प्रश्नांना दिलेली आयत्या वेळची उत्तरं. तर वर्षं सरत गेली तसे वेगवेगळे शब्द कमी होत गेलेले आणि 'थिंग' सारखे मोघम शब्द वाढत गेलेले दिसले. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्यात तसं काही दिसलं नाही. यावरून तेव्हाच निदान झालं असतं असा दावा नाही, पण कामाची पद्धत हीच, त्या माणसाला त्याच्याच कालच्याशी ताडायचं. तुझ्याकडे तीन-चार वर्षांच्या व्हॉइस नोट आहेत, त्यापुढे एका मिनिटाचा गेम म्हणजे काहीच नाही. फक्त दोनच नोटवर विसंबू नकोस, आपल्याला काही सिद्ध करायचं असलं की आपण बरोबर हव्या त्याच दोन निवडतो. दर वर्षातल्या चार-पाच अशाच न बघता उचल आणि ऐक.

आणि हे सगळं दिसूनही अल्झायमर नसू शकतो, हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझे वडील गेल्यावर माझी आई अशीच बोलायला लागली, हळू, मधे मोठमोठ्या शांतता, वाक्य अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघायची, आणि मी, या कामात इतकी वर्षं घालवलेली बाई, मनात निदान करून मोकळी झाले, बहिणीला फोन करून रडले पण. निघालं काय, डिप्रेशन आणि जोडीला थायरॉइड. सात-आठ महिन्यांत आई परत मला ओरडायला लागली. डिप्रेशनमधे पण बोलणं संथ होतं, थांबे लांबतात, नुसत्या मापांवरून दोन्ही गोष्टी फार जवळच्या दिसतात. तेव्हापासून माझ्या कानावर माझा विश्वास आहे, पण तो कान फक्त 'काहीतरी बदललंय' एवढंच सांगतो. काय बदललंय ते सांगायचं काम त्याचं नाही.

त्यामुळे आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, आणि पहिल्यांदा कान तपासायला सांग. टीव्ही मोठा लागतो म्हणालीस ना आईच्या तोंडून, ते वयावर ढकलू नकोस, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं संभाषणातलं निम्मं डोकं समोरचा काय म्हणाला ते जुळवण्यात जातं आणि उत्तर उशिरा येतं, शिवाय न तपासलेलं कमी ऐकू येणं हा स्वतःच डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा (अल्झायमर त्यातलाच), एक धोका मानला जातो. मग रक्तात बी-१२ आणि थायरॉइड. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा, झोपेच्या आणि काही अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी पण डोकं जड होतं. झोप कशी आहे, मन कसं आहे. त्यानंतर स्मरणशक्तीची नीट चाचणी, गरज पडली तर एमआरआय आणि न्यूरोलॉजिस्ट. चाचणी मराठीतच घ्या असं स्पष्ट सांग, लाजू नकोस. आणि दोन पानं लिहून ने, कधी काय घडलं तारखेसकट, वही कधी दिली ते पण. डॉक्टरला 'ते विसरतात' यातून काही कळत नाही, 'अमुक महिन्यात हिशोब सोडला' यातून कळतं.

अल्झायमरचंच निघालं तर? तर लवकर कळलेलं बरं, हे आता नुसतं समजूत घालायला म्हणत नाही. लेकॅनेमॅबसारखी औषधं २०२३ पासून आली आहेत, ती आजार बरा करत नाहीत, उतरणीचा वेग थोडा कमी करतात, मेंदूला सूज किंवा रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून सगळ्यांना देत नाहीत, आणि चालतात ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यातच. मे २०२५ मधे अमेरिकेत या आजारासाठीच्या पहिल्या रक्त तपासणीला मान्यता मिळाली, ती पण लक्षणं असलेल्या ५५ च्या पुढच्या लोकांसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. बघ, खुद्द रक्ताच्या तपासणीला एकटीला निकाल देऊ देत नाहीत, आणि तुझं अ‍ॅप लाल रंग लावून मोकळं.

हां, एक महत्त्वाचं. बोलणं कधी अचानक बिघडलं, म्हणजे सकाळी ठीक होते आणि दुपारी जीभ जड, तोंड वाकडं, हात उचलत नाही, तर तो हा विषयच नाही, तो स्ट्रोक असू शकतो, तेव्हा कोणाला विचारत न बसता थेट हॉस्पिटल.

आता गेमबद्दल. हे वाचून तुला वाईट वाटेल, पण लिहितेच. बाबांना फसवून रेकॉर्ड करायला नको होतंस. पहिलं म्हणजे तो आवाज आता कुठल्यातरी कंपनीकडे पडलाय, तो अकाउंट आधी डिलीट कर आणि रेकॉर्डिंग काढून टाका असं त्यांना लिही. दुसरं, मला असं वाटतं की बाबांना स्वतःला कळलंय. ज्या माणसाने वही दिली आणि डोळ्यांचं कारण सांगितलं तो काहीतरी झाकतोय, आणि झाकणारा माणूस आतून घाबरलेला असतो. अशा वेळी त्याच्याशी गेम खेळायचा नसतो. परत 'आज वार कोणता सांगा बघू', 'हा फोटो कोणाचा ओळखा' असलं पण घरात कोणी करू नका, भाच्यांना पण करू देऊ नका.

त्याऐवजी तू घरी जा, दोघंच असताना सरळ म्हण, 'बाबा, हल्ली बोलताना तुमचा शब्द अडतो असं मला वाटतं, तुम्हाला पण जाणवतं का?' आणि मग गप्प बस. खरंच गप्प. मनात दहा आकडे मोज, वीस मोज. त्यांच्या फटी भरायची तुला सवय लागली असणार, सगळ्यांनाच लागते, शब्द अडला की आपण लगेच पुढे करतो. या वेळी करू नकोस. ते काही बोलले तर ऐक, नाही बोलले तर एवढंच सांग की कान आणि रक्त तपासून घेऊया, मी सोबत येते. आणि तो गेम नव्हता हे पण सांगून टाक, घाबरून केलं म्हण. रागावतील कदाचित. रागावू देत. व्हॉइस नोट डॉक्टरला ऐकवायच्या असतील तर ते पण त्यांना विचारूनच.

भावाशी स्कोअरवरून भांडू नकोस, त्या भांडणात तोच जिंकेल आणि जिंकायलाच हवा. त्याला स्कोअरचा विषय न काढता दोन्ही नोट पाठव, एका पाठोपाठ एक, काही न लिहिता. तो पण त्याच बापाचा मुलगा आहे, कान त्यालाही आहेत.

आणि तुझा फोन हरवायच्या किंवा बदलायच्या आत २०२२ पासूनच्या त्या सगळ्या नोट दुसरीकडे कुठेतरी कॉपी करून ठेव, आजच. डॉक्टरसाठी ठेव म्हणतेय असं समज. ते 'घाई नाहीये' आहे ना शेवटी, ते मी वाचलं तेव्हा मलाच ऐकू आल्यासारखं झालं.